इंटरनेटचा ऱ्हास

इंटरनेटचा ऱ्हास म्हणजे "आधीचं नेट साधं, मोकळं, कामाचं होतं आणि आता जाहिराती, अल्गोरिदम आणि चार-दोन कंपन्यांच्या हातात जाऊन नासलं" हा समज. खरा का खोटा यावरून जगभर वाद चालू आहेत. खान्देशात, म्हणजे जळगाव धुळे नंदुरबार पट्ट्यात, त्याच्याही आधी एक अडचण येते, "आधीचं" म्हणजे कधीचं भो? कारण आपल्याकडे नेट पोचलं तोवर बाहेरच्यांचं हे रडगाणं एकदा गाऊन झालेलं होतं.

ते रडगाणं असं. युजनेट नावाच्या जुन्या चर्चाजाळ्यावर दर सप्टेंबरला अमेरिकेतल्या कॉलेजांची नवी पोरं यायची, महिनाभर धिंगाणा घालायची, मग जुने लोक त्यांना वळण लावायचे. १९९३ पासून घरगुती गिऱ्हाईकांचा लोंढा सुरू झाला आणि तो थांबलाच नाही, म्हणून जुन्यांनी नाव पाडलं न संपणारा सप्टेंबर. गंमत म्हणजे त्याच वर्षी ३० एप्रिलला युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेने तिथेच जन्मलेलं वेब सगळ्या जगाला फुकट खुलं केलं होतं, म्हणजे दार उघडणं आणि "गर्दीने वाट लावली" म्हणणं एकाच वर्षातलं. भारतात सामान्य माणसासाठी नेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीकडून, तेही मोठ्या शहरांत. तेव्हा नंदुरबार हा जिल्हासुद्धा नव्हता, तो झाला १ जुलै १९९८ ला.

आपल्याकडचं "आधीचं" म्हणजे कॅफे. २००० नंतरची काही वर्षं, स्टँडजवळ नाहीतर कॉलेजच्या रस्त्याला प्लायवूडचे खोके, त्याला पडदा, तासावर पैसे आणि डायलअपची ती किरकिर, मॉडेमचा वेग कागदावर ५६ केबीपीएस म्हणजे एक फोटो वरून खाली उलगडत यायचा आणि कपाळापर्यंत आला की लोडशेडिंग. तरी लोक त्या दिवसांच्या आठवणी काढतात. मला त्याचं कारण एवढंच दिसतं की तेव्हा नेटवर "जायचं" असायचं, ठरवून, कामं चिठ्ठीवर लिहून, पैसे मोजून, आणि मग उठून घरी यायचं.

पण त्या नेटवर आपण कुठे होतो? मायबोली ही मराठी साइट १९९६ पासून होती, मराठी विकिपीडिया २००३ ला सुरू झाला, पण बऱ्याच मराठी साइटींचे फाँट वेगवेगळे, फाँट नसला की स्क्रीनवर नुसता कचरा. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरं सारखी दिसायची सोय, रुळल्यावर ती कटकट गेली. आपली खान्देशी बोली अहिराणी तर औषधालाही नव्हती. हे सोडून "जुनं ते सोनं" म्हणणं मला पटत नाही.

आता नासलं ते काय. कोरी डॉक्टरो या लेखकाने २०२२ मध्ये यासाठी एन्शिटिफिकेशन हा शब्द काढला, त्याचं शब्दशः मराठी इथे छापण्यासारखं नाही. त्याचं म्हणणं, कंपनी आधी वापरणाऱ्याला लाडावते, तो अडकला की जाहिरातदार-विक्रेत्यांना लाडावते, तेही अडकले की दोघांना पिळून सगळं स्वतःच्या खिशात घालते. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला हे शिकवायची गरज नाही, पहिल्या वर्षी बोर्डावर लागलेल्या भावापेक्षा चढा भाव देणारा व्यापारी तिसऱ्या वर्षी कसा बोलतो ते त्याला पाठ आहे.

सगळ्यात जास्त बिघडलं ते शोधणं. गूगल काढणाऱ्या दोघांनी १९९८ च्या त्यांच्या निबंधातच लिहून ठेवलं होतं की जाहिरातीवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदाराकडे झुकणारच, आणि २००० मध्ये त्यांनीच जाहिराती सुरू केल्या. आज केळीवरचा हरण्या रोग नेटवर शोधून बघा, वर औषधवाले, खाली एकच मजकूर फिरवून लिहिलेली दहा पानं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "हे फवारा, तीन दिवसात फरक". हरण्या हा व्हायरस आहे, फवारून रोग झालेलं झाड बरं होत नाही, ते उपटून नष्ट करायचं आणि रोग पसरवणाऱ्या मावा किडीचा बंदोबस्त करायचा, पण हे साधं उत्तर विकता येत नाही म्हणून ते तळाला.

दुसरी गोष्ट शहरातले लोक फार बोलत नाहीत, ती म्हणजे सक्ती. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. तिथून पुढे रेशन, अनुदान, पीकविमा, शिष्यवृत्ती सगळं ऑनलाइन होत गेलं. हौसेचं नेट होतं तेव्हा बंद पडलं तर चहा पिऊन यायचं, आता सर्व्हर डाऊन म्हणजे रांगेतल्या म्हातारीची दिवसाची मजुरी बुडते आणि अंगठा उमटला नाही तर उद्या परत चक्कर.

उलट बाजूही तेवढीच भारी आहे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा मातीमोल झाला, आणि अहिराणी पहिल्यांदा नेटवर मोठ्याने बोलायला लागली. लग्नातली गाणी, कॉमेडी, शेतातले व्हिडिओ, "काय करी राह्यना भो" असं थेट कॅमेऱ्यात. २०११ च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे सुमारे १८ लाख ६० हजार होते, एवढ्या माणसांच्या बोलीला जुन्या चांगल्या म्हणतात त्या नेटने कधी जागा दिली नव्हती. ज्या काळाला बाहेरचे ऱ्हास म्हणतात तो अहिराणीचा भरभराटीचा काळ आहे.

फक्त ही शेती बटाईची. यूट्यूब लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के बनवणाऱ्याला देतं, ४५ स्वतः ठेवतं, आणि २०१८ पासून त्या वाट्यासाठी आधी हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघितलेलं दाखवावं लागतं. घाम आपला, सातबारा त्यांचा. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हा फोटो उतरवून घ्या म्हणून मुदत दिली होती, पण ज्यांनी ते खातं कॅफेत बसून उघडलं होतं त्यातले कित्येक जण पासवर्ड तोवर विसरलेही होते.