काचेच्या मांजाला गंज कुठे असतो, मग टीटी काहून घ्यायचं?

संक्रांतीच्या दिवसांत नागपुरात मांजाने बोटं चिरणं काही नवीन नाही, जुनी शुक्रवारीतून चक्री भरून आणली की गच्चीवर दोघातिघांना तरी लागतंच. मग कोणीतरी हमखास म्हणतं, अरे काच लागली ना, लोखंड थोडीच लागलं, टीटीचं (धनुर्वाताचं) इंजेक्शन काहून घ्यायचं? गंजलेला खिळा म्हणजे धनुर्वात हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की गंज दिसला नाही की आपण बिनधास्त. पण गंजाचा यात काहीच रोल नाही. क्लॉस्ट्रिडियम टेटानी हा जिवाणू मातीत, शेणात असतो, त्याचे बीजाणू वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. त्याला ऑक्सिजन चालत नाही म्हणून खोल, अरुंद जखम त्याला फार मानवते. खिळा तशी जखम करतो, बाभळीचा काटाही करतो, आणि रस्त्याच्या मातीतून ओढत आणलेला मांजा खोल रुतला तर तोही.

आता खरी मजेची गोष्ट. जिवाणू स्वतः जखमेतच बसून राहतो, अंगभर फिरतं ते त्याचं टॉक्सिन, म्हणजे विष, टेटॅनोस्पास्मिन. चहाचा कप उचलताना दंडाचा पुढचा स्नायू आखडतो, पण त्याच वेळी मागचा सैल पडावा लागतो, नाहीतर कोपर वाकणारच नाही. हे ‘तू सैल हो’ सांगायचं काम मणक्यातल्या छोट्या नर्व्ह पेशी करतात, ग्लायसीन आणि गाबा ही केमिकल्स सोडून. टॉक्सिन स्नायूपाशी नर्व्हमध्ये शिरतं, तिथून उलट्या दिशेने वर चढत मणक्यापर्यंत जातं आणि नेमकं या गप्प करणाऱ्या पेशींमध्येच घुसतं. तिथे ते सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं प्रोटीन कापतं, तेही ठरलेल्या एकाच जागी, 76 आणि 77 नंबरच्या अमिनो आम्लांच्या मधे (हे 1992 साली कळलं). हे प्रोटीन नसलं तर ग्लायसीनने भरलेल्या पिशव्या पेशीच्या भिंतीला चिकटून फुटतच नाहीत. गंमत म्हणजे याच जातकुळीतल्या दुसऱ्या जिवाणूच्या विषाचा, बोटुलिनम टॉक्सिनचा, ‘बी’ प्रकार तेच प्रोटीन अगदी त्याच जागी कापतो, पण तो स्नायूपाशीच थांबतो म्हणून तिथे माणूस लुळा पडतो आणि इथे ताठ होतो.

सैल व्हायचा निरोपच बंद झाल्यावर समोरासमोरचे दोन्ही स्नायू एकदम आखडतात आणि ज्याचा जोर जास्त तो जिंकतो. जबडा मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा दणकट, म्हणून दातखिळी. पाठीचे पोटापेक्षा दणकट, म्हणून अंग मागे कमानीसारखं वाकतं. जबड्याच्या नर्व्ह लांबीला कमी असल्याने बहुतेकांत सुरुवात तिथूनच होते, जखमेनंतर साधारण 3 ते 21 दिवसांत.

आणि पेशंट पूर्ण शुद्धीवर असतो बरं! नुसता दाराचा आवाज, लाइट लावला, कोणी हात लावला, तरी झटका येतो. अशा माणसाला ‘बाहेरचं लागलं’ म्हणून धुपाच्या धुरात बसवून समोर घंटा वाजवणारे महाभाग अजूनही आहेत, म्हणजे झटके यायला जे जे लागतं ते सगळं तेच पुरवतात. त्याला पाहिजे अंधारी शांत खोली, आयसीयू आणि अँटिटॉक्सिन. तेही फक्त मोकळं फिरणारं टॉक्सिन पकडतं, पेशीत शिरलेल्याला हात लावू शकत नाही, म्हणून बरं व्हायला कित्येक आठवडे जातात.

1890 मध्ये बेरिंग आणि किटासाटो या शास्त्रज्ञांनी अँटिटॉक्सिन दाखवलं, 1924 मध्ये देकोंबेने टॉक्सिनला फॉर्मॅलिन लावून निरुपद्रवी केलं आणि त्यातून लस आली. 2015 मध्ये भारतात आई आणि नवजात बाळांमधला धनुर्वात जवळपास संपल्याचं जाहीर झालं, त्यात ही लस आणि स्वच्छ बाळंतपणं दोन्हींचा वाटा. आता टीटीच्या जागी टीडी देतात, त्यात घटसर्पाचीही लस असते.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना पटत नाही. धनुर्वात होऊन गेला तरी पुढे प्रतिकारशक्ती येत नाही, कारण किलोमागे सुमारे 2.5 नॅनोग्रॅम टॉक्सिन जीव घ्यायला पुरतं आणि इतक्याशा मालाची शरीर दखलच घेत नाही. त्यामुळे वाचलेल्या पेशंटलाही लसीचा पूर्ण कोर्स द्यावाच लागतो.