गिनीज की लिमका? नट लोकांच्या विक्रमांचा घोळ एकदाचा सोडवूया

प्रशांत दामलेंचं नाव गिनीज बुकात आहे असं कुणी म्हणालं की त्याला लगेच विचारायचं, कशासाठी आणि कुठल्या साली? बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो, कारण दामलेंचे जे गाजलेले विक्रम आहेत, ३६५ दिवसांत ४५२ प्रयोग, १८ जानेवारी २००१ ला एकाच दिवसात ५ प्रयोग, ते लिमका बुक ऑफ रेकॉर्ड्समधले आहेत. आणि दादा कोंडकेंचं बरोबर उलटं. दादांचे ९ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले, म्हणजे २५-२५ आठवडे थिएटरातून हलले नाहीत, त्याची नोंद गिनीजची. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरता फिरता दादा लिमकात जातात आणि दामले गिनीजमध्ये जाऊन बसतात, आणि मग तेच खरं होतं.

आमच्या गोव्यात हा घोळ जरा जास्तच, कारण नाटकाचं वेड. फोंड्याला राजीव गांधी कला मंदिरात मुंबईचं नाटक लागलं की मध्यंतरात चहाच्या रांगेत नाहीतर नाटक सुटल्यावर रस ऑम्लेटच्या गाड्यावर कुणीतरी हा विषय काढतोच, आणि तोपर्यंत निवेदक स्टेजवरून "विश्वविक्रमवीर" म्हणून मोकळा झालेला असतो. कुठलं विश्व ते विचारायचं नाही.

तर आधी ही दोन बुकं आली कुठून ते बघू, कारण गंमत अशी की दोन्हींचा जन्म बाटलीतून झालाय. गिनीज ही आयर्लंडची बिअर. १९५१ मध्ये तिथल्या वेक्सफर्ड भागात शिकारीला गेलेले कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर सर ह्यू बीव्हर यांचा वाद झाला की शिकारीच्या पक्ष्यांत युरोपातला सगळ्यात वेगवान पक्षी कुठला, आणि कुठल्याच पुस्तकात उत्तर सापडेना. मग त्यांच्या डोक्यात आलं की असे वाद तर रोज रात्री प्रत्येक पबमध्ये चालू असतील, ते मिटवणारं एक पुस्तक काढू. नॉरिस आणि रॉस मॅकव्हर्टर या जुळ्या भावांना कामाला लावलं आणि ऑगस्ट १९५५ मध्ये पहिलं पुस्तक आलं. म्हणजे मुळात हे बुक बारमध्ये बसून हुज्जत घालणाऱ्यांसाठी काढलेलं, आणि ती जात कशी असते हे गोवेकराला समजावून सांगायची गरज नाही. आता त्या बुकाचा बिअरवाल्यांशी संबंध राहिलेला नाही, २००८ पासून ते कॅनडाच्या जिम पॅटिसन ग्रुपकडे आहे, नाव तेवढं तेच ठेवलंय.

लिमका म्हणजे आपलं लिंबाचं थंड पेय, पार्लेवाल्या चौहानांचं. त्यांनी १९९० मध्ये भारतीयांच्या विक्रमांचं पुस्तक सुरू केलं, आणि १९९३ मध्ये लिमका, थम्सअप, गोल्ड स्पॉट हे ब्रँड कोका-कोलाने घेतले त्यासोबत हे बुकही तिकडे गेलं. विजया घोष अनेक वर्षं त्याच्या संपादक होत्या.

मुख्य फरक साधा आहे. गिनीज विचारतं, जगात कुणी याच्यापेक्षा जास्त केलंय का? लिमका विचारतं, भारतीय माणसाने असं काय केलंय जे नोंदवून ठेवायला हवं? त्यामुळे लिमकात "पहिला", "पहिली" अशा नोंदी भरपूर असतात, देशात अमुक गोष्ट सगळ्यात आधी कुणी केली वगैरे. गिनीजचं तसं नाही, त्यांना शक्यतो मोडता येईल असा विक्रम हवा, म्हणजे मोजता आला पाहिजे, सगळीकडे एकाच नियमाने करता आला पाहिजे, तपासता आला पाहिजे, आणि मोजायची गोष्ट एकच पाहिजे. सगळ्यात चांगला नट, सगळ्यात लाडका नट असलं काही तिथे चालत नाही, कारण लाडकेपणा मोजायचा कशाने. आणि ते एक मोजमाप ज्या शब्दांत मांडलेलं असतं तो मथळा हीच सगळी मेख आहे, लोक नेमका तोच खाऊन टाकतात.

उदाहरण घ्या. तेलुगू विनोदी नट ब्रह्मानंदम, गिनीजमध्ये आहेत, सगळ्यात जास्त चित्रपटांत श्रेय, पण मथळ्यात "हयात नटांमध्ये" असं आहे. जॅकी चॅनचा स्टंटचा विक्रम पण तसाच, हयात नटाने केलेले सर्वाधिक स्टंट. हयात हा शब्द काढला की विक्रम वेगळाच होतो, पण फॉरवर्ड करणाऱ्याला काय त्याचं. जॅकीचा दुसरा एक विक्रम मला जास्त आवडतो, २०१२ च्या एका चित्रपटात त्याने एकट्याने १५ वेगवेगळी कामं केली आणि श्रेयनामावलीत १५ वेळा नाव आलं, त्याची गिनीजने नोंद घेतली. आमच्या जत्रेतल्या नाटकात जो माणूस दिग्दर्शन करतो, खलनायक होतो, पडदा ओढतो आणि दुसऱ्या दिवशी खुर्च्याही परत करतो त्याने हे वाचून नुसतं हसावं. मल्याळम सिनेमाचे प्रेम नझीर, शीला या एकाच नायिकेसोबत १३० चित्रपटांत नायक. हिंदीतले जगदीश राज, १४४ चित्रपटांत पोलीस इन्स्पेक्टर. बघा, नझीर काय किंवा जगदीश राज काय, "सर्वात मोठा नट" असं गिनीज कुठेच म्हणत नाही, म्हणतं फक्त एवढंच की ही एक गोष्ट यांनी इतक्या वेळा केली.

अजून एक पोटभेद सांगतो मग पुढे जाऊ. काही विक्रम आयुष्यभरात साठतात, काही एका दुपारी करून मोकळे होतात. चिरंजीवींना सप्टेंबर २०२४ मध्ये गिनीजने प्रमाणपत्र दिलं ते साठलेलं, ४५ वर्षांत १५६ चित्रपट, ५३७ गाणी आणि त्यात २४,००० डान्स मूव्ह. या मूव्ह कुणीतरी बसून मोजल्या असणार, त्याला पण एक प्रमाणपत्र द्यायला हवं होतं. याच्या उलट अक्षय कुमार, २०२३ च्या फेब्रुवारीत स्वतःच्या चित्रपटाच्या प्रमोशनला ३ मिनिटांत १८४ सेल्फी. नाहीतर अभिषेक बच्चन २००९ मध्ये, १२ तासांत ७ शहरांत हजेरी, तेही चित्रपटाच्या जाहिरातीसाठीच. दोन्ही अधिकृत, दोन्ही गिनीज, पण मला विचाराल तर दुसऱ्या प्रकारातलं बरंचसं मार्केटिंग आहे. खोटं नाही, नियम कडक असतात, सेल्फीत चेहरा नीट दिसला पाहिजे, हललेला फोटो धरत नाहीत, पण तो विक्रम अभिनयाचा नाही एवढं लक्षात ठेवायचं.

आता जरा वाकडी वाट करून मंगेशीला जाऊ. नटांचा विषय आहे आणि लतादीदी गायिका हे मान्य, पण त्यांनी लहानपणी चित्रपटांत छोटी कामं केलीत, आणि शिवाय गोव्यात बसून विक्रमांवर लिहायचं आणि मंगेशकरांना सोडायचं हे व्हायचं नाही. १९७४ च्या आवृत्तीत गिनीजने छापलं की लता मंगेशकरांनी सगळ्यात जास्त, २५,००० च्या आसपास गाणी रेकॉर्ड केली. त्यावर मोहम्मद रफींनी हरकत घेतली, त्यांचा दावा त्याहून मोठा होता. मग १९८४ च्या आवृत्तीत लतादीदींच्या नोंदीसोबत रफींचा दावाही छापला, आणि १९९१ मध्ये ती नोंदच काढून टाकली. प्रत्यक्ष गाणी मोजायला बसलेल्यांच्या हिशोबात कुणाचेच आकडे तिथवर पोचेनात. पुढे २०११ मध्ये आशाताईंना मिळालं, १९४७ पासून ११,००० पर्यंत गाणी, २० पेक्षा जास्त भाषांत, आणि २०१६ मध्ये पी. सुशीला १७,६९५ गाण्यांवर गेल्या. म्हणजे एकच मोजमाप, पण चाळीसेक वर्षांत नावं बदलली, आकडे बदलले, एक नोंद तर पुसलीच गेली. त्यामुळे "गिनीजमध्ये आहे" हे वाक्य साल सांगितल्याशिवाय अर्धंच. गिनीजचा विक्रम मोडेपर्यंतच तुमचा असतो, आणि जुन्या छापील आवृत्तीत असलेला मथळा पुढे बंद पण होऊ शकतो. आता तर त्यांचे बहुतेक विक्रम पुस्तकात येतही नाहीत, त्यांच्या डेटाबेसमध्ये असतात, पुस्तकात निवडक. म्हणून दुकानात पुस्तक चाळून "कुठे आहे दाखव" असं भांडण्यातही अर्थ नाही.

मग नाटकवाल्यांचं काय, गिनीजमध्ये रंगभूमी नाहीच का? आहे की. जपानचे विनोदी नट कानबी फुजियामा यांनी नोव्हेंबर १९६६ ते जून १९८३ एकाच नाटक कंपनीत प्रमुख भूमिकेत १०,२८८ प्रयोग केले, हे गिनीजमध्ये आहे. हिशोब करा, वर्षाला ६०० च्या वर पडतात, हा माणूस घरी कधी जात होता कुणास ठाऊक. न्यूयॉर्कच्या कॅथरीन रसेल, १९८७ पासून एकाच नाटकात एकच भूमिका, आणि इतक्या वर्षांत प्रयोग चुकले फक्त ४, हे पण गिनीज. आता यांच्या शेजारी दामलेंना उभं करा. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांचा १२,५०० वा प्रयोग झाला मुंबईत. आकडा फुजियामांपेक्षा मोठा दिसतो, म्हणून लगेच "दामलेंनी गिनीज मोडलं" म्हणायचं नाही, कारण फुजियामांचा मथळा एका कंपनीचा आणि प्रमुख भूमिकेचा, रसेलबाईंचा एकाच भूमिकेचा, आणि दामलेंचा आकडा कितीतरी वेगवेगळी नाटकं मिळून झालेला. तीन निराळ्या गोष्टी आहेत.

आणि इथेच मला लिमका जास्त जवळचं वाटतं. एका दिवसात सकाळी एका नाट्यगृहात, दुपारी दुसरीकडे, रात्री तिसरीकडे, तेही वेगळ्या नाटकात वेगळी भूमिका, मध्ये गाडीत जेवण, हा प्रकार मराठी रंगभूमीचा खास आहे, लंडनमध्ये बसलेल्या गिनीजच्या माणसाला त्यातली मारामारी कळायची नाही. एका दिवसात ५ प्रयोग म्हणजे काय हे समजायला शिवाजी मंदिरच्या विंगेत उभं राहिलेला माणूस लागतो. लिमकाने ते नोंदवलं. त्यामुळे "लिमका म्हणजे काय, गिनीज मिळालं नाही म्हणून" असं जे नाक मुरडतात ना, त्यांच्याशी माझं पटत नाही. दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत, त्यात वरचा-खालचा कुठून आला. काही गोष्टी दोन्हीकडे बसतात सुद्धा, २००० सालचा कहो ना प्यार है सर्वाधिक पुरस्कारांसाठी गिनीजमध्येही गेला आणि लिमकातही.

तिसरी एक जमात आहे तिच्यावर फार शब्द घालवत नाही. नावात वर्ल्ड, ग्लोबल, इंटरनॅशनल असलेली असंख्य बुकं निघालीत, पैसे भरा, मेडल, फ्रेम आणि पेपरात फोटो. सगळीच फसवी असं नाही म्हणत, पण एखाद्या नटाच्या सत्काराच्या पत्रिकेत नुसतं "वर्ल्ड रेकॉर्ड होल्डर" लिहिलंय आणि बुकाचं नावच नाही, तर समजून जायचं.

आता समजा तुमच्या गावच्या हौशी मंडळाला हुक्की आली, जत्रेला रात्री १० ला सुरू झालेलं संगीत नाटक उजाडेपर्यंत चालतंच, तर एकदाचं रेकॉर्डच करू. लिमकाच्या वाटेला जायचं तर दावा लिहून पुरावे पाठवायचे, फोटो, व्हिडिओ, पेपरातली बातमी, जबाबदार माणसांची पत्रं, मग ते तपासून ठरवतात. गिनीजला आधी अर्ज, मग ते त्या मथळ्याचे नियम पाठवतात, मग प्रयत्न. त्यांचा परीक्षक समोर हवा असेल तर त्याची चांगली जाडजूड फी, नाहीतर पुरावे पाठवूनही होतं. पण लांब चालणाऱ्या प्रकारांत नियम असे की दर पूर्ण तासामागे ५ मिनिटं विश्रांती मिळते, ती साठवून नंतर वापरता येते, सलग व्हिडिओ लागतो, आणि साक्षीदार त्रयस्थ पाहिजेत, ते पण ४-४ तासांच्या पाळीने बदलायचे. म्हणजे रात्रभरासाठी एका गावात अर्धा डझन तरी असे लोक शोधा जे नाटकात काम करत नाहीत, ज्यांचा भाऊ हार्मोनियमवर नाही, ज्यांची वहिनी मेकअपला नाही आणि जे देवळाच्या कमिटीवरही नाहीत. फोंडा महालात, म्हणजे तालुक्यात, तरी मला अशक्य वाटतं.