‘ब-2’ म्हणजे लेकरू मागं पडलं का?

“ब-2 आला, म्हणजे लेकरू वर्गात मागं पडलं,” असं आपल्याकडं परभणी-हिंगोलीत कित्येक वर्षांपासून म्हणतात. काळजीपोटीच म्हणतात. पण श्रेणी म्हणजे नंबर नव्हे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात, म्हणजे शाळेत वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, ब-2 म्हणजे 61 ते 70 टक्के गुण. अख्ख्या वर्गालाही तो मिळू शकतो. पहिली-दुसरीत तर 70 टक्के गुणांचा भार वर्षभराच्या तोंडीकाम, कृती, उपक्रमांवर असतो.

खात्री करायची तर प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदी लेकराला शेजारी बसवून वाचा. ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात ‘हातच्याची वजाबाकी चुकते’ असं लिहिलं असेल, तर पाटीवर 52 मधून 27 वजा करायला द्या. कुठं अडतं ते लगेच दिसतं. मग “किती पडले?” ऐवजी “हातचा घेताना काय होतं रे?” असं विचारा. लेकरू बोलतं.