भावाच्या नावावरची गाडी आणि एकट्याचा अपघात

गाडी मुंबईतल्या थोरल्याच्या नावावर आणि चालवणारा गावाकडचा धाकटा, ही कोकणातल्या कितीतरी घरांतली रीत आहे. हप्ते थोरला फेडतो, आरसी बुकावर नाव त्याचं. गाडी मात्र बारा महिने घरच्या खळ्यात. गणपतीला चाकरमानी आले की तीच गाडी आते-मामेभावंडांत फिरते. मग एखाद्या संध्याकाळी पावसात, घाटातल्या वळणावर, साइडपट्टीच्या खडीवर ती घसरते. समोर दुसरी गाडी नसते. घरात कुणीतरी धीर द्यायला म्हणतं, "इन्शुरन्स आहे ना, मिळेल काहीतरी." बऱ्याचदा काहीच मिळत नाही, आणि त्याचं कारण विम्याच्या सक्तीमागच्या मूळ कल्पनेत आहे.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने विमा सक्तीचा केला तो रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी. विमा काढणारा एक पक्ष, कंपनी दुसरा, आणि गाडीने ज्याला इजा झाली तो तिसरा. 'थर्ड पार्टी' हा शब्द तिथून आला. स्वतःच्या गाडीवरून स्वतःच पडलेला मालक या रचनेत तिसरा होऊच शकत नाही. १९५६ च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणांची तरतूद केली, पण कुणाचा तरी दोष सिद्ध करायची अट राहिली. १९७७ मध्ये मिनू मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं : चालकाचा निष्काळजीपणा दाखवल्याशिवाय मालकावर आणि कंपनीवर जबाबदारी येत नाही. एकटा पडलेला माणूस दोष दाखवणार कुणाचा?

१९८२ मध्ये दोष न पाहता मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपयांची भरपाई आली. पुढे १९८८ च्या कायद्यात १९९४ साली कलम १६३-अ घातलं गेलं. वार्षिक ४०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तक्त्यानुसार भरपाई, दोष सिद्ध करायची गरज नव्हती. आता तरी एकट्याच्या अपघातात वारसांना आधार मिळेल, असं अनेकांना वाटलं.

ती आशा २००९ च्या निंगम्मा निकालाने मोडली. कर्नाटकातला एक माणूस दुसऱ्याची मोटरसायकल घेऊन निघाला होता, पुढची बैलगाडी अचानक थांबली आणि तो तिच्यावर आदळून मेला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो; भरपाई द्यायची मालकाने, तेव्हा मालकाच्या जागचा माणूस ती मागणार कशी? २०२० च्या रामखिलाडी निकालात हाच मुद्दा पुन्हा आला आणि वारसांच्या पदरी पॉलिसीतल्या वैयक्तिक अपघात विम्याचे १ लाख रुपये पडले. २०२५ च्या जुलैत, स्वतःच्याच बेदरकार चालवण्याने चारचाकी उलटून मेलेल्या चालकाच्या कुटुंबालाही सर्वोच्च न्यायालयाने भरपाई नाकारली. कायद्याचं तर्कशास्त्र मला कळतं. पण खळ्यातल्या त्या गाडीचा विचार केला की ते फार कठोर वाटतं. आपल्याकडे भावाची गाडी 'मागून' नेली असं कुणी म्हणतच नाही, ती घरची असते.

मालकाला स्वतःसाठी जे संरक्षण आहे, ते याच वैयक्तिक अपघात विम्याचं. २०१८ मध्ये विमा नियामकाने त्याची रक्कम १५ लाखांवर नेली. मुख्य अटी मात्र दोन : चालवणारा हाच नोंदणीकृत मालक हवा आणि त्याच्याकडे वैध परवाना हवा. म्हणजे प्रीमियम मुंबईतल्या भावाने भरला, जीव गेला धाकट्याचा, आणि पॉलिसी उघडली की त्यात त्याचं नावच नाही; रामखिलाडीसारखी रक्कम हवी तर ती कोर्टात भांडून.

मागे बसलेल्याची गोष्ट वेगळी आणि जास्त अवघड. चालवणाऱ्याच्या चुकीने तो जखमी झाला तर दावा करू शकतो. पण २००६ च्या तिलक सिंग निकालानुसार नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर कंपनी सुटते, जबाबदारी मालकावर येते. पॅकेज, म्हणजे सर्वसमावेशक, पॉलिसी असेल तर कंपनीला द्यावं लागतं. नाहीतर वहिनीने दिरावर दावा लावायचा, आणि गावात ते कुणी लावत नाही.

राहिला रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण दशकाहून जास्त काळ रेंगाळलं. अर्धवट पूल, रातोरात बदललेली वळणं आणि उखडलेली खडी इथल्या प्रत्येक दुचाकीवाल्याला पाठ आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आणलं : सदोष रस्त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ठेकेदाराला किंवा यंत्रणेला १ लाखापर्यंत दंड. तो जातो अपघातांसाठीच्या सरकारी निधीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये देण्याचा आदेश दिला, ते थेट घरापर्यंत पोचणारं पहिलं मोठं पाऊल मला वाटतं. पण त्यासाठी खड्डा पंचनाम्यात यायला हवा. तिथे 'हयगयीने व अविचाराने गाडी चालवली' एवढंच लिहिलं गेलं आणि आठवड्यात कुणी खड्ड्यात जांभ्याचे तुकडे टाकले, की पुरावा गेला. दुसऱ्या गाडीने हूल देऊन पळ काढला असेल, तर तेही त्याच दिवशी नोंदवून घ्यावं; पळून गेलेल्या वाहनाच्या प्रकरणात मृत्यूसाठी २ लाखांची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून आहे.

त्याच तारखेपासून भरपाईच्या दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदतही लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. गणपतीत अपघात झाला तर ही मुदत शिमग्याच्या सुमारास संपते, म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा मुंबईचा भाऊ पुन्हा गावी येतो आणि घरातले पहिल्यांदा एकत्र बसून कागद काढतात.