ढगांतून फाकणारे किरण आणि समांतर रेषा

पावसाळा आला की ढगांच्या फटींतून खाली उतरणाऱ्या सूर्यकिरणांचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. हल्ली त्यांच्या जोडीला एक दावाही येतो. किरण मागे वाढवले की ढगांच्या थोडं वरच एकत्र मिळतात, तेव्हा सूर्य तिथेच कुठेतरी आहे आणि सूर्य 15 कोटी किलोमीटर दूर असल्याची गोष्ट ही थाप आहे! पृथ्वी सपाट मानणाऱ्यांचा हा लाडका पुरावा. शिकलेली माणसंही तो पुढे पाठवतात, म्हणून त्याचा नीट समाचार घ्यायला हवा.

आधी हिशेब करू. ढगांतल्या दोन फटींमध्ये 10 किलोमीटर अंतर धरलं, तर सूर्याच्या एकाच बिंदूतून निघून त्या फटींमधून येणाऱ्या दोन किरणांतला कोन एका अंशाच्या अडीच लाखाव्या भागाहूनही लहान भरतो. सूर्याचं बिंब आपल्याला अर्धा अंश रुंद दिसतं, त्यामुळे झोतांच्या कडा जराशा पुसट होतात, इतकंच. झोत एकमेकांना समांतरच असतात. मग ते फाकलेले का दिसतात?

याचं उत्तर चित्रकारांकडे आहे. पंधराव्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वास्तुकार ब्रुनेलेस्कीने आरशाच्या मदतीने पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याच्या पद्धतीचा, प्रयोग करून दाखवला आणि 1435 मध्ये अल्बर्तीने त्याचे नियम लिहून काढले. चित्र म्हणजे जणू एक खिडकी, असं त्याने मांडलं. आपणही खिडकीच घेऊ. एक डोळा मिटा, डोकं हलवू नका आणि तिरप्या दिसणाऱ्या समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांच्या कडा काचेवर स्केचपेनने गिरवा. डोळ्याच्या पातळीपेक्षा उंच असलेल्या कडा दूर जाताना खाली उतरत जातात, खालच्या कडा वर चढत जातात. रेषा पुढे वाढवल्या की सगळ्या एकाच बिंदूत मिळतात. हाच व्हॅनिशिंग पॉइंट.

शाळेत चित्रकलेच्या तासाला तो क्षितिजरेषेवर मांडायला शिकवतात, पण तो तिथेच का पडतो हे क्वचितच कुणी सांगतं. मला ही सिद्धता फार आवडते. तुमचा डोळा आणि गॅलरीची एक कड मिळून एक प्रतल ठरतं. हे प्रतल काचेला ज्या रेषेत छेदतं, त्या रेषेवरच त्या कडेचं चित्र उमटतं. दुसऱ्या कडेचं दुसरं प्रतल, तिसरीचं तिसरं. आता डोळ्यातून या कडांना समांतर एक रेषा कल्पा. डोळा प्रत्येक प्रतलात आहे, आणि प्रतलातल्या बिंदूतून त्या प्रतलातल्या रेषेला समांतर काढलेली रेषा प्रतल सोडून जात नाही. म्हणून ही एक रेषा सगळ्याच प्रतलांत असते. पुस्तकाची पानं एका कण्याला शिवलेली असतात, तशी ही प्रतलं तिला जोडलेली. ती रेषा काचेला जिथे भेदते, तिथूनच सगळी चित्रं जाणार. कडा आडव्या असतील तर आपली कल्पित रेषाही आडवी, म्हणून तो बिंदू नेमका डोळ्याच्या उंचीवर येतो. इमारतीचा दर्शनी भाग काचेला समांतर असेल, तर ही रेषा काचेला लागतच नाही आणि काचेवरच्या रेषा समांतर राहतात.

हीच कृती किरणांना लावा. डोळ्यातून किरणांना समांतर रेषा काढली, तर ती कुठे जाईल? थेट सूर्याकडे! म्हणजे समांतर किरण सूर्याच्या जागी मिळताना दिसलेच पाहिजेत. तो बिंदू सूर्याची दिशा सांगतो, अंतर नाही. शिवाय रेषेला दुसरं टोकही असतं. सूर्यास्ताला कधी कधी हेच झोत डोक्यावरून पलीकडे जाऊन पूर्वेला, सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, पुन्हा जवळ येताना दिसतात. सूर्य जवळ असता आणि किरण खरोखर फाकत असते, तर ते तिथे मिळताना दिसलेच नसते. हे दृश्य फिकट असतं. त्यासाठी मावळतीकडे पाठ करून उभं राहावं लागतं.

डिसेंबरच्या मध्यावर जेमिनिड उल्कावर्षाव होतो, तिथेही हेच घडतं. धूलिकण समांतर मार्गांनी वातावरणात शिरतात आणि सगळ्या उल्का मिथुन राशीतल्या एका बिंदूतून निघाल्यासारख्या वाटतात. मिथुन राशीचा त्यात काही हात नसतो. ते तारे उल्कांच्या कितीतरी पलीकडे, फक्त त्या दिशेला आहेत. त्या बिंदूजवळच्या उल्का आपल्या रोखाने येत असल्याने त्यांची रेघ आखूड दिसते. लांब रेघा पाहायच्या असतील तर नजर मिथुनेपासून बरीच बाजूला ठेवावी.