रूळ उखडले, वाट राखली

रेवस ते रेडी सागरी मार्गावर सायकलवाल्यांची टोळकी आता दर हिवाळ्यात दिसतात. चहाच्या टपरीवर गप्पा रंगल्या की कुणीतरी विचारतंच: परदेशात बंद रेल्वेमार्गांच्या पायवाटा झाल्या, मग आपल्याला किनाऱ्यालगत चालायला, सायकलला एक सलग वाट का नसावी? कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरूपर्यंत सलग धावू लागली ती १९९८ साली; तिची लाइन उखडायचा प्रश्नच नाही. तरी तो इतिहास कोकणाने नीट वाचावा असं मला वाटतं, कारण तिथलाही खरा गुंता जमिनीचाच होता.

१९१६ च्या सुमारास अमेरिकेत जवळपास चार लाख किलोमीटर लोहमार्ग होते. पुढे मोटारी आणि ट्रक आले, लाइनी तोट्यात गेल्या, बंद पडत गेल्या. १९६३ साली मे थीलगार्ड वॉट्स या निसर्ग-अभ्यासक बाईंनी शिकागोच्या एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: अशा एका लाइनीची जागा चालणाऱ्यांसाठी राखा. त्या पत्रातून स्वयंसेवक जमले आणि ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ उभा राहिला.

पण पुष्कळ ठिकाणी रेल्वेकडे जमिनीची मालकी नव्हतीच, फक्त गाडी नेण्याचा हक्क होता. लाइन बंद झाली की हक्क संपला आणि जागा शेजारच्या शेतकऱ्याकडे गेली. मधला अर्धा मैल गेला तरी सगळी वाट तुटली. एका सातबाऱ्यावर वीस नावं आणि त्यातली निम्मी मुंबईला, हे ज्याने भोगलंय त्याला यातली मेख सांगायला नको. १९८३ साली कायदा दुरुस्त झाला: रेल्वे पुढेमागे पुन्हा लागेल म्हणून पट्टा अखंड ठेवायचा, आणि तोवर एखादी संस्था किंवा सरकारी यंत्रणा जबाबदारी घेऊन त्यावर वाट चालवेल. जमीनमालक कोर्टात गेले. १९९० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण मालकांना भरपाई मागण्याची मुभाही ठेवली. हा दुसरा भाग आपण विसरता कामा नये.

संस्था एकत्र येण्याचं ठळक उदाहरण म्हणजे पिट्सबर्ग ते कंबरलँड ही २४० किलोमीटरची ‘ग्रेट अ‍ॅलेघेनी पॅसेज’. पहिला तुकडा १९८६ साली खुला झाला. वाटेवरच्या सात संस्थांनी १९९५ साली आघाडी केली. आपापला तुकडा सांभाळायचा, नियोजन आणि निधीची खटपट मात्र मिळून करायची. वाट पुरी व्हायला २०१३ उजाडलं. तिच्यावर बिग सॅव्हेज नावाचा किलोमीटरभर लांबीचा बोगदा आहे. आत झिरपणारं पाणी हिवाळ्यात गोठून अस्तर फोडतं, म्हणून दोन्ही तोंडांना दारं बसवली आहेत आणि ती हिवाळाभर बंद असतात. वाट बांधून झाली तरी राखण दरसालची.

रेल्वेच्या पट्ट्याला सौम्य चढ आयता मिळतो, तो आपल्याकडे नाही. आपल्याकडे पाखाड्या आहेत: चिऱ्याच्या झिजलेल्या पायऱ्या, दोन्ही अंगांना गडगे, पावसात बोटभर शेवाळ. वहाळावर साकव. आणि खाड्यांवर दाभोळ-धोपावे, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटी, ज्यांना आपण जंगलजेटी म्हणतो. सर्वांत अवघड सांधे तिथे जुळलेलेच आहेत.

माणसं जोडण्याचा अनुभवही आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला कासवांची घरटी राखायला घेतली; वनविभाग आणि गावकरी सोबत आले, आणि हे काम किनाऱ्यावरच्या इतर गावांतही पोचलं.

२०२३ च्या गणपतीला मुंबई-गोवा महामार्गावरच्या कशेडी घाटाच्या नव्या बोगद्यातून हलकी वाहनं जाऊ लागली. वर जुना घाटरस्ता आहेच; चालायला, सायकलला अशी आयती वाट राखता येईल. तो पुढे कुणाच्या ताब्यात राहणार, दरड आली तर कोण काढणार, याची चौकशी पोलादपूर आणि खेडच्या संस्थांनी मिळून आत्ताच करायला हवी.