लंडन-लायडन मंत्रपट

इजिप्तमधील थीब्झ (आजचे लक्सॉर) येथून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाहेर आलेली, मंत्र-तोडग्यांची पपायरसची (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाची) गुंडाळी. ही प्रत साधारणपणे इ. स. तिसऱ्या शतकातील. अलेक्झांड्रियातील व्यापारी व स्वीडन-नॉर्वेचा वाणिज्यदूत जोव्हान्नी अनास्तासी याच्या संग्रहातून तिचा एक तुकडा १८२८ मध्ये नेदरलँड्समधील लायडनला गेला, दुसरा १८५७ मध्ये ब्रिटिश म्यूझियमने घेतला. दोन्ही जोडल्यावर लांबी सुमारे ५ मीटर भरते. ग्रिफिथ आणि टॉम्पसन या इंग्रज अभ्यासकांनी १९०४ ते १९०९ या काळात ती एकत्र संपादून छापली.

मजकूर मुख्यतः डेमोटिक लिपीत, म्हणजे प्राचीन इजिप्शियन भाषेच्या भरभर लिहायच्या लिपीत आहे. रोमन अमलात व्यवहाराची भाषा ग्रीक झाली आणि डेमोटिक वाचणारे बहुतेक देवळातले पुरोहितच उरले. त्यामुळे ही वही त्यांच्याच हातातली, हे जवळजवळ उघड आहे. पण त्यांच्यापुढे एक अडचण होती. डेमोटिकमध्ये उच्चारांपैकी व्यंजनेच लिहितात, काना-मात्रा नाहीत. रोजच्या शब्दांना ते चालते, पण देवतांची गूढ, बहुधा परकी नावे म्हणताना स्वर चुकला की मंत्र फुकट. म्हणून लेखकाने अशा नावांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत, ग्रीक वर्णांच्या आधाराने, उच्चार लिहून ठेवले. अशा टिपा सहाशेहून अधिक आहेत. गंमत म्हणजे डेमोटिक उजवीकडून डावीकडे जाते आणि वरची टीप डावीकडून उजवीकडे. वाचणाऱ्याची नजर एकाच शब्दावर दोनदा उलटसुलट फिरते. काही पदार्थांची नावे तर मुद्दाम सांकेतिक अक्षरांत लपवली आहेत.

काही ठिकाणी कृती एका भाषेत आणि मंत्र दुसरीत. शत्रूवर करायच्या एका प्रयोगात गाढवाचे मुंडके दोन्ही पायांमध्ये ठेवून सूर्यासमोर बसायचे असते. गाढव हा सेथ या देवाचा प्राणी. ही सारी कृती डेमोटिकमध्ये, पण सेथला घालायची हाक ग्रीकमध्ये आणि तीही टायफॉन या त्याच्या ग्रीक नावाने. परक्या भाषेला इथे मंत्राचे वजन मिळालेले दिसते. ग्रीकांना इजिप्शियन शब्दांचे गूढ वाटे; इथे गणित उलटे आहे.

सर्वांत सविस्तर आहेत ते प्रश्न पाहण्याचे विधी. खोली अंधारी, दिवा पांढरा व शेंदूर न लावलेला, वात स्वच्छ, तेल अस्सल. समोर बसवलेला मुलगा कोवळा, स्त्रीसंग न झालेला. पुरोहित मंत्र म्हणतो, मुलगा ज्योतीत पाहतो. दुसऱ्या पद्धतीत दिव्याऐवजी तेल घातलेले भांडे असते. मुलाला उजेड दिसू लागला की अनुबिस या देवाला सांगायचे, देवांना आत आण. मग त्यांना भाकरी-मद्य वाढायचे आणि त्यानंतरच प्रश्न विचारायचा. वशीकरण, विषप्रयोग आणि संधिवातावरचे लेपही याच गुंडाळीत, अगदी शेजारी शेजारी आहेत.

लायडनचे प्राध्यापक कास्पार रूव्हेन्स यांनी १८३० मध्ये या उच्चार-टिपांचा उपयोग डेमोटिक अक्षरे लावण्यासाठी करून घेतला.